हरणाऱ्यांच्या बाजूने: वर्ध्यातून पाहिलेला विदर्भाचा रणजी प्रवास

इतिहासाच्या व्याख्यानमालेत क्रिकेट कशाला, असा प्रश्न पत्रिका वाचून काहींना पडला असेल. आम्हालाही पडला होता. पण आपल्या भागाचा इतिहास सांगताना आपण कापूस सांगतो, सत्याग्रह सांगतो, सेवाग्राम सांगतो, नागपूर करार सांगतो. गावातली माणसं संध्याकाळी चहाच्या टपरीवर कशावर भांडत होती, हे मात्र सांगायचं राहून जातं. ती पुष्कळदा क्रिकेटवर भांडत होती. आणि त्यातले आमच्यासारखे काही थोडे लोक भारताच्या संघावर नाही, तर विदर्भाच्या संघावर भांडत होते. आज त्या थोड्या लोकांच्या वतीने बोलायचं आहे.

आधी एक कबुली. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नंतर झालो, विदर्भाचे चाहते आधी होतो. त्यामुळे आज तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. आकडे मात्र आम्ही नीट सांगू, कारण हरणाऱ्या संघाच्या चाहत्याकडे दुसरं असतं काय? आकडेच असतात. जिंकणाऱ्यांकडे आठवणी असतात.

आमच्या लहानपणी रणजीचा धावफलक पेपरच्या खेळाच्या पानावर तळाशी, अगदी बारीक टायपात यायचा. वर मोठा फोटो गावसकरांचा किंवा कपिलचा. खाली मुंबई, दिल्ली, कर्नाटक. आणि त्याच्याही खाली विदर्भ. तिथे बोट ठेवून वाचायचं, कोणी पन्नास केले का बघायचं, आणि मग निकाल: डावाने पराभव. शेजारचा मोठा मुलगा विचारायचा, "काऊन रे, आजही हरले का?" आम्ही म्हणायचो, "नाही, ड्रॉ झाली." ड्रॉ झाली की आमच्या घरी दिवाळी.

आता हा संघ आला कुठून, ते बघू. आपला वर्धा जिल्हा स्वातंत्र्याआधी मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यात मध्यप्रांत-वऱ्हाडचा संघ होता. त्या काळातला आपल्याकडचा सगळ्यात मोठा खेळाडू म्हणजे सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, १८९५ चा. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली, तिचा कर्णधार. पण हा माणूस गाजला कुठे? इंदूरला. होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं, सैन्यात हुद्दा दिला, आणि पुढे होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी जिंकली. नागपूरने माणूस घडवला आणि करंडक इंदूरला गेला. हे इंदूर लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

स्वातंत्र्यानंतर नकाशे बदलले. १९५३ चा नागपूर करार झाला. मग राज्य पुनर्रचना आयोग बसला आणि १९५५ साली त्याने विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. त्याचे गुणदोष हा आजचा विषय नाही. तुमच्यात दोन्ही बाजूंचे लोक बसले आहेत, आणि आम्हाला घरी सुखरूप जायचं आहे.

पण एक गोष्ट बघा. विदर्भ नावाचं राज्य झालं नाही, आणि नेमक्या १९५७-५८ च्या हंगामात विदर्भ नावाचा संघ रणजीत उतरला. क्रिकेटचा नकाशा राजकारणाच्या नकाशाबरोबर बदलला नाही. आजही महाराष्ट्र एका राज्यातून तीन संघ उतरवतो: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गुजरातचंही तसंच आहे: गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. म्हणजे कागदावर जे नाव फक्त एका विभागाचं उरलं, ते मैदानावर पूर्ण राज्याच्या मानाने उभं राहिलं. मुंबईविरुद्ध विदर्भ असा सामना लागतो तेव्हा तो आपल्याकडे नुसता सामना नसतो, हे तुम्हाला सांगायला नको.

मान होता, पण विजय नव्हते. १९६९ साली नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर पहिली कसोटी झाली. न्यूझीलंडने ती जिंकली. म्हणजे १९६९ पासून आपल्याकडे कसोटीचं मैदान होतं. पण विदर्भाच्या संघातून कसोटी खेळणारा खेळाडू मिळायला २०११ साल उजाडावं लागलं. बेचाळीस वर्षं आपण पाहुण्यांना मैदान दिलं, खुर्च्या मांडल्या, टाळ्या वाजवल्या. मधल्या काळात प्रशांत वैद्य भारताकडून काही एकदिवसीय सामने खेळले, तेव्हा आम्ही किती मिरवलं होतं! बाकी संघ मध्य विभागात रखडत होता, नंतर प्लेट गटात. प्लेट गट म्हणजे शाळेतली 'ब' तुकडी. तिथून कोणी वर गेलं की पेपरात दोन ओळी येत.

मग बदल कसा झाला? चाहत्यांना विचाराल तर प्रत्येक जण वेगळं नाव घेईल. आमच्या मते चार गोष्टी एकत्र आल्या.

पहिली, जामठा. २००८ साली नवं स्टेडियम झालं आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिथे कसोटी झाली, सौरव गांगुलीची शेवटची. हे स्टेडियम वर्धा रोडवर आहे, बरं का. नागपूरकर कुरकुरले, फार लांब झालं म्हणून. आम्हाला मात्र सोयीचं झालं. एसटीत बसायचं, पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी, आणि नागपूर यायच्या आधीच उतरायचं. इतिहासात पहिल्यांदा काहीतरी नागपूरपेक्षा आपल्या बाजूला सरकलं होतं.

दुसरी, निवासी अकादमी. पोरं लहान वयात एका छपराखाली राहू लागली, खेळू लागली. दिवसातून दोनदा सराव, चांगली खेळपट्टी, वेगवान गोलंदाजांना शिकवायला सुब्रतो बॅनर्जींसारखा माणूस. पीक एका हंगामात येत नाही. इथे आठ-दहा वर्षं लागली.

तिसरी, उमेश यादव. वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामाला. पोरगा टेनिस चेंडूवर खेळणारा, पोलीस भरतीत थोडक्यात राहिलेला. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि तीन वर्षांत कसोटी खेळला. त्याने किती बळी घेतले हा वेगळा मुद्दा. त्याच्यामुळे खाणीजवळच्या, शेताजवळच्या पोराला वाटलं की हा रस्ता आपल्याकडूनही जातो.

चौथी गोष्ट वादाची आहे: बाहेरचे खेळाडू आणि बाहेरचा प्रशिक्षक. तमिळनाडूचे बद्रीनाथ आले, कर्नाटकचा गणेश सतीश आला, मुंबईचे वसीम जाफर आले. २०१४-१५ आणि २०१५-१६ मध्ये आपण उपांत्यपूर्व फेरी गाठली. मग २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. तेही मुंबईचेच. शिस्तीचा माणूस. या वादाकडे आपण शेवटी येऊ.

आता २०१७-१८. हा हंगाम आम्ही झोपेतूनही सांगू शकतो, म्हणून थोडा वेळ द्या. कर्णधार फैज फजल. या माणसाविषयी एक वाक्य सांगतो: भारतासाठी एकच एकदिवसीय सामना, २०१६ साली झिम्बाब्वेत, नाबाद ५५, आणि पुन्हा कधी निवड नाही. त्याने त्या हंगामात ९१२ धावा केल्या. उपांत्यपूर्व सामन्यात केरळला ४१२ धावांनी हरवलं आणि विदर्भ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला.

समोर कर्नाटक, मैदान कोलकात्याचं ईडन गार्डन्स. आपण पहिल्या डावात १८५. कर्नाटक ३०१, त्यात करुण नायरच्या १५३. हे नावही लक्षात ठेवा. झालं, संपलं, असं आम्ही म्हणालो. साठ वर्षांची सवय होती ती. पण दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या. कर्नाटकला १९८ हव्या होत्या. चौथ्या दिवसअखेर ७ बाद १११. शेवटच्या दिवशी त्यांना ८७ धावा आणि आपल्याला तीन बळी. थंडीची सकाळ, कामाचा दिवस, आणि आमच्यातले निम्मे लोक कार्यालयात फायलीखाली मोबाईल धरून. शेपटाने मारायला सुरुवात केली. अंतर पन्नासवर आलं, वीसवर आलं, दहाच्या आत आलं. रजनीश गुरबानी नावाचा स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला पोरगा गोलंदाजी करत होता. १९२ वर त्याने शेवटचा बळी घेतला. पाच धावांनी विजय. त्या सामन्यात त्याचे बारा बळी. आमच्यातल्या एका ज्येष्ठ मित्राने फोन केला आणि काही बोललाच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "बाप्पा!" आणि फोन ठेवून दिला.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि कुठे? इंदूरला, होळकर स्टेडियमवर. नायडूंना ज्या घराण्याने नेलं, त्याच घराण्याच्या नावाच्या मैदानावर. दिल्लीच्या ध्रुव शोरीने १४५ केल्या. पण गुरबानीने हॅटट्रिक घेतली, तिघेही त्रिफळाचित, आणि तिसरा बळी खुद्द शोरीचा. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅटट्रिक. आधीची १९७२-७३ मधली, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. दिल्ली २९५. मग आपला यष्टिरक्षक अक्षय वाडकर, त्याचं पहिलंच प्रथम श्रेणी शतक, १३३. आपण ५४७. दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपला आणि जिंकायला राहिल्या २९ धावा. १ जानेवारी २०१८ ला जाफरने चौकार मारून काम संपवलं. नव्या वर्षाचा पहिला दिवस आणि साठ वर्षांतला पहिला करंडक.

लोक म्हणाले, नशीब. एकदा होतं असं. मार्चमध्ये जामठ्यावर इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध आपण ७ बाद ८०० वर डाव घोषित केला, चाळिशीतल्या जाफरच्या त्यात २८६. तरी म्हणाले, नशीब.

पुढच्या हंगामात आपण पुन्हा अंतिम फेरीत, आणि आता जामठ्यावरच. फेब्रुवारी २०१९, समोर सौराष्ट्र, त्यांच्याकडे चेतेश्वर पुजारा, नुकताच ऑस्ट्रेलिया जिंकून आलेला. आम्ही शेवटच्या दोन दिवसांना गेलो. मैदानात गर्दी फार नव्हती, रणजीला कधीच नसते. डबे उघडलेले, कोणी संत्री सोलतंय, कोणी पेपर डोक्यावर धरलाय. आपण ३१२, ते ३०७. आपण २००. त्यांना २०६ हव्या. आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकीपटूने पुजाराला पहिल्या डावात १ वर काढलं होतं, दुसऱ्यात शून्यावर काढलं. आम्ही उभे राहिलो तेव्हा मागचे लोक खाली बसा म्हणून ओरडले नाहीत, कारण तेही उभे होते. सौराष्ट्र १२७. सामन्यात सरवटेचे अकरा बळी. सलग दुसरा करंडक. त्याच महिन्यात आपण इराणी करंडकही राखला, आणि बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामात शहीद झालेल्या जवानांच्या कुटुंबांना दिली.

इथे गोष्ट संपवली असती तर व्याख्यान गोड झालं असतं. पण चाहत्याचं आयुष्य असं संपत नसतं. त्यानंतर उतार लागला. पंडित गेले, जाफर २०२० मध्ये निवृत्त झाले, २०२०-२१ ची रणजी कोविडमुळे झालीच नाही. पुढचे हंगाम बाद फेरीशिवाय गेले. पेपरात आपण पुन्हा पानाच्या तळाशी.

पण हरण्यातही फरक पडला होता. जानेवारी २०२३, जामठा, गुजरात. आपण पहिल्या डावात ७४ वर सर्वबाद. शेवटी गुजरातला जिंकायला ७३ धावा हव्या. जुन्या विदर्भाचा चाहता असता तर तो चहा प्यायला उठला असता. गुजरात ५४ वर सर्वबाद! सरवटेचे सहा बळी अवघ्या १७ धावांत. रणजीच्या इतिहासात इतकं छोटं लक्ष्य त्याआधी कोणी राखलं नव्हतं. आम्हाला वाटतं, विदर्भ खरा बदलला हे इंदूरला नाही, त्या दिवशी कळलं. करंडक नव्हता, कॅमेरे नव्हते, पुढची फेरीही मिळाली नाही. तरी ते शेवटपर्यंत खेळले.

मार्च २०२४ मध्ये आपण पुन्हा अंतिम फेरीत पोचलो. उपांत्य सामन्यात मध्य प्रदेशला हरवलं, आणि त्यांचे प्रशिक्षक कोण? चंद्रकांत पंडित. फजल त्याच्या आदल्याच महिन्यात निवृत्त झाला होता. अंतिम सामना वानखेडेवर, मुंबईशी. पहिल्या डावात आपण १०५. जिंकायला ५३८ हव्या. अशक्यच. पण पाचव्या दिवशी सकाळी वाडकर आणि हर्ष दुबे खेळतच राहिले. १३० ची भागी झाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही बळी नाही. वर्ध्यातले शहाणेसुरते लोक कागदावर भागाकार करू लागले, षटकाला किती लागतील म्हणून. मग वाडकर १०२ वर गेला, शेवटचे पाच बळी १५ धावांत गेले, ३६८ वर डाव संपला. १६९ धावांनी पराभव. मुंबईचा बेचाळिसावा करंडक. त्या दिवशी आम्हाला वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही. या दोन्हींतला फरक आम्हाला पन्नाशीत कळला.

आणि २०२५. उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला नागपुरात ८० धावांनी हरवलं. पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना बाद केलं. अंतिम सामना केरळशी, जामठ्यावर. ३ बाद २४ वरून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ ची भागी केली. मालेवारच्या १५३. आपण ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावाची आघाडी मोजतात, आणि आघाडी होती ३७ ची. नायरने दुसऱ्या डावात १३५ करून दार लावून घेतलं. २ मार्चला तिसरा करंडक. हर्ष दुबेचे त्या हंगामात ६९ बळी, एका रणजी हंगामातला तो विक्रम.

आता तो वाद. करुण नायर म्हणजे ईडन गार्डन्सवर आपल्याविरुद्ध १५३ करणारा. २०२५ च्या आपल्या संघात ध्रुव शोरीही होता, इंदूरला आपल्याविरुद्ध १४५ करणारा. आणि केरळकडून ७९ धावा करून आपल्या आघाडीला सुरुंग लावत होता कोण? आदित्य सरवटे. आपला सरवटे, त्याच जामठ्यावर. तो बाद झाला तेव्हा आम्ही टाळी वाजवली, आणि ती बळीची होती की त्याच्या खेळीची, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. नायरही पुढे कर्नाटकाकडे परत गेला.

मग हा संघ आपला कसा? पोरं तर येतात नि जातात. काही जण म्हणतात, बाहेरचे घेऊन जिंकण्यात काय अर्थ? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला वर्ध्याचाच इतिहास आठवतो. त्या काळी मुंबईत एक मोठी स्पर्धा होत असे, पंचरंगी. संघ धर्मावर पाडलेले: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'रेस्ट'. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचा सल्ला घ्यायला आली. कुठे? वर्ध्याला. गांधीजींनी त्या वेळी स्पर्धा खेळण्याच्या विरोधात मत दिलं, आणि खेळाचे संघ धर्मावर पाडणं आपल्याला समजत नाही असंही सांगितलं. स्पर्धा लगेच थांबली नाही, वाद पेटला, पण १९४५-४६ नंतर ती झाली नाही. रणजी उरली, जिथे संघ जागेच्या नावाने उभा राहतो.

जरा विचार करा. तो जुना नियम राहिला असता तर फैज फजल, वसीम जाफर एका बाजूला आणि अक्षय वाडकर, आदित्य सरवटे दुसऱ्या बाजूला असते. १ जानेवारी २०१८ झालाच नसता. आपल्या गावातून गेलेल्या एका मताचा धागा त्या विजयापर्यंत येतो, असं म्हणणं इतिहासकार म्हणून थोडं ताणलेलं आहे. चाहता म्हणून आम्ही ते म्हणणारच.

जागेचं नाव घेऊन जो खेळला, तो आपला. जन्माने नाही, खेळण्याने. जाफरने चाळिशीत इथल्या उन्हात २८६ केल्या, तो आपला. सरवटे केरळकडून खेळला, तरी ते अकरा बळी कोणी परत नेऊ शकत नाही. नायडूंच्या बाबतीतही आता आम्ही रागावत नाही. माणसं जातात. चिंता एवढीच असावी की घडणं थांबू नये.

आणि तिथे आमची एक तक्रार आहे, ती सांगून थांबतो. अकादमी नागपूरला आहे, मोठी मैदानं नागपूरला आहेत. वर्धा, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट इथल्या पोराला सराव करायचा तर पहाटेची गाडी पकडावी लागते, नाहीतर घर सोडावं लागतं. ज्याच्या बापाला ते परवडत नाही, तो टेनिस चेंडूवर राहतो. विदर्भाने उभं आयुष्य मुंबई-पुण्याकडे बोट दाखवून म्हटलं, सगळं तुमच्याकडेच. तेच बोट आता जिल्ह्यांनी नागपूरकडे दाखवलं तर नागपूरने रागवू नये. उमेश यादव एकदा सापडला. प्रत्येक वेळी योगायोगावर राहता येणार नाही.

बाकी, पुढच्या हंगामात काय होईल? हरतीलही. हरू देत. आमची सवय गेलेली नाही. फक्त आता कोणी "काऊन, हरले का?" असं विचारलं, तर ड्रॉ झाली अशी थाप मारायची गरज उरलेली नाही. आणि २०२५ नंतर तर खरोखरची ड्रॉ झाली तरी आम्ही आधी विचारू, पहिल्या डावाची आघाडी कोणाची?